सिमेंटच्या जहाजातला उजेड

डॉक्टर, कंपाउंडर गेला ना तुमचा? मग बसते. टेबलावरचा दिवा राहू द्या, वरची ट्यूब तेवढी बंद करा. ती फडफडते, आणि फडफडणारा उजेड मला हल्ली बघवत नाही. घाबरू नका, माझी तब्येत ठणठणीत आहे. भावाबद्दल बोलायचं आहे. मध्ये फार थांबवू नका. एकदा थांबले तर मी उठून जाईन, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

तो तुम्ही चांगला चाखलाय म्हणा. दोन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्याकडे पाण्याखाली उतरायला शिकायला आलात, तो पहिला दिवस आठवतो? चार मीटर खोलीवर मी तुम्हाला खुणेने विचारलं, ‘ठीक?’ आणि तुम्ही खुशीत येऊन अंगठा वर केलात. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. मी तुम्हाला वर आणलं. परत खाली नेलं, परत विचारलं, परत अंगठा. असं तीनदा झालं. शेवटी मी तुमचं पहिलं बोट आणि अंगठा धरून त्यांची गोल कडी करून दिली, तेव्हा कुठे तुमच्या डोक्यात प्रकाश पडला. माझा भाऊ बोटीवर पोट धरून हसत होता. तुम्ही वर आल्यावर म्हणाला, डॉक्टर, पेशंटलाही असेच वर पाठवता का? तुम्हीही हसलात. त्याचं बोलणं कुणाला लागत नसे. सकाळचा पहिला चहा होईपर्यंत त्याचे पंधरा प्रश्न विचारून झालेले असायचे, म्हणून आम्ही त्याला रेडिओ म्हणायचो.

ती गोल कडी नीट लक्षात घ्या, कारण सगळं तिथेच अडलंय. ‘ठीक आहेस?’ विचारायचं तरी कडी, आणि ‘ठीक आहे’ सांगायचं तरी कडीच. प्रश्नाला आणि उत्तराला खूण एकच. अंधारात हात दिसत नाहीत, तिथे टॉर्चच्या उजेडाने मोठा, सावकाश गोल काढायचा. समोरच्याने गोल काढला की आपण काढायचा, हा नियम. उत्तर द्यायचं राहिलं तर समोरचा घाबरून धावत येतो. अठरा वर्षं मी हे काम करते आहे आणि या बाबतीत मी एकदाही चुकले नव्हते. विचार करावा लागत नाही, हात आपोआप फिरतो.

सात महिन्यांपूर्वीची गोष्ट. वादळाचे महिने संपले होते, पाण्याखाली उतरणारे पाहुणे यायला आठवडा होता. बुडालेल्या सिमेंटच्या जहाजाला आमचा दोर बांधलेला असतो आणि त्याच्या वरच्या टोकाला पिवळा बोया तरंगतो. त्या दोराला धरूनच सगळे खाली उतरतात. वादळात दोर तुटला होता, तो नवा बांधायचा होता. दरवर्षीचं काम, पंचवीस मिनिटांचं. मी आणि रेडिओ सकाळी आठला निघालो. बोटवाल्या काकांनी इंजिन बंद केलं तेव्हा पाणी अगदी गप्प होतं. रेडिओ सूट चढवता चढवता बडबडत होता. परत जाताना आईची औषधं घ्यायची का, दुपारी जेवायला काय असेल, आणि ताई, सिमेंट पाण्यात पडल्यावर घट्ट व्हायला किती तास लागले असतील गं? मी म्हटलं, खाली जाऊन त्यालाच विचार.

तुम्ही त्या जहाजावर वरच्या डेकपर्यंतच आला आहात. साठ वर्षांपूर्वी ते खडकाला लागून बुडालं. माणूस एकही दगावला नव्हता. सगळे छोट्या होड्यांतून किनाऱ्याला लागले, कुणाच्या पायात साधा काटाही गेला नाही. म्हणजे पाहुण्यांना रंगवून सांगायला आमच्याकडे भुताची गोष्टसुद्धा नव्हती. डेक चोवीस मीटरवर आहे. डेकच्या मध्यात मोठं चौकोनी तोंड आहे, त्यातून खाली गेलं की माल भरायची कोठी लागते. तिथे सिमेंटची पोती थप्पीने रचलेली आहेत. गोणपाट कधीच कुजून गेलं, आतलं सिमेंट पोत्याच्या आकारात दगड होऊन बसलंय. पोत्यांच्या रांगांमधून एक माणूस जाईल एवढी वाट, आणि वाट चुकू नये म्हणून आम्ही भिंतीलगत पांढरी दोरी बांधलेली आहे. ती दोरी शाबूत आहे का, हेही त्या दिवशी बघायचं होतं.

खाली पाणी कोमट होतं, आंघोळीला काढून ठेवल्यासारखं. डेकवर चपट्या रुपेरी माशांचा मोठा कळप नेहमी असतो. त्या दिवशी एकही नव्हता. वादळाने हलले असतील असं वाटलं आणि मी कामाला लागले. दोर बांधायच्या जाड लोखंडी खुंटावर शंख-शिंपल्यांचा थर चढला होता, तो खरवडायचा होता. टॉर्च लावला तर माझा उजेड पिवळा पडलेला. रात्री चार्जिंगला लावायचा राहिला होता, चूक माझीच. रेडिओने ते पाहिलं, माझ्या हातातून टॉर्च काढून घेतला आणि स्वतःचा मला दिला. त्याचा नवा होता, लख्ख पांढरा. मी नको नको म्हणून मान हलवली. त्याने माझ्याकडे दुर्लक्ष केलं, कोठीकडे बोट दाखवलं आणि पाच बोटं वर केली. म्हणजे दर पाच मिनिटांनी कोठीच्या तोंडाखाली येऊन खूण करीन. मग तो माझा मरतुकडा टॉर्च घेऊन आत उतरला. त्याच्या बुडबुड्यांची माळ काही वेळ कोठीच्या तोंडातून वर येताना दिसत होती.

हे मी तुम्हाला सांगते आहे ते स्वच्छ सांगते आहे, डॉक्टर. त्याच्याकडे पिवळा उजेड होता. पांढरा माझ्या हातात होता. मला ते माहीत होतं.

पाच मिनिटांनी कोठीच्या तोंडातून उजेडाचा गोल निघाला. छान, मोठा, सावकाश. माझं लक्ष गाठीत होतं. मी डाव्या हाताने टॉर्चचा गोल काढला आणि परत गाठीकडे वळले. दहा मिनिटांनी पुन्हा गोल आला. पुन्हा मी उत्तर दिलं. दुसरी गाठ मारली, दोर ओढून पाहिला, पक्का होता. पंधराव्या मिनिटाला तिसरा गोल. मी हात उचलला, गोल काढला... आणि माझ्या हातातल्या उजेडाकडे पाहून मी थबकले. कोठीतून आलेला उजेड पांढरा होता. माझ्या हातातल्या उजेडासारखाच, अगदी तसाच पांढरा.

मला वाटलं, माझं चुकत असेल. मग पाहिलं, कोठीच्या तोंडातून बुडबुडे येत नव्हते. कधीपासून येत नव्हते, ते मला सांगता येईना. पंधरा मिनिटं मी पाठ करून बसले होते, कारण माझा भाऊ ठीक आहे असं मला कुणीतरी वेळच्या वेळी सांगत होतं.

मी आत उतरले. हवेचा काटा दोनशेवरून शंभरच्या खाली आला होता, म्हणजे परत फिरायची वेळ झाली होती. पाहुण्यांनी असं केलं असतं तर मी वर आणून त्यांची खरडपट्टी काढली असती. आत गेल्याबरोबर पहिली गोष्ट जाणवली ती ही, की गाळ हलला नव्हता. माणूस गेला की पायातल्या फिनच्या फटक्याने गाळ उठतो, अर्धा तास खाली बसत नाही. तिथे पाणी काचेसारखं होतं. पांढरी दोरी जागच्या जागी होती. मी ती बोटांत धरून पुढे सरकू लागले. स्वतःच्या श्वासाचा आवाज तेवढा कानात, घर्र करून हवा आत आणि बुडबुडे बाहेर. दोन्ही बाजूंना दगडी पोती, त्यांचे शिवलेले कान अजून ओळखू येत होते. पुढच्या वळणावर उजेड दिसला. भिंतीवर गोल फिरला. मी पुढे गेले की तो त्याच्या पुढच्या वळणावर.

मी उत्तर देत होते, डॉक्टर. हे सांगायला मला लाज वाटते. उजेड कुणाचा ते माहीत नव्हतं, आणि तरी प्रत्येक वेळी हात उठत होता आणि गोल काढत होता. ठीक आहे. ठीक आहे. ठीक आहे.

चौथ्या वळणानंतर रेडिओ दिसला. पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये, माझ्याकडे पाठ करून बसलेला होता. बसला होता, म्हणजे मांडी घालून. पाण्यात असं बसता येत नाही, शरीर उचललं जातं. त्याचे हात रिकामे होते, टॉर्च नव्हता. आसपास कुठलाच उजेड नव्हता; जो मी पाहत आले तो गेला होता. मी त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला. मास्कच्या मागे डोळे उघडे, नळी तोंडात. मी बोटांची कडी केली. त्याने लगेच कडी केली.

बुडबुडे मी पाहिले का? हा प्रश्न मी स्वतःला सात महिने विचारते आहे. पाहिल्याचं आठवत नाही. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की माझा भाऊ जिवंत आहे, आणि मी रडत होते. मास्कमध्ये रडलं की काच आतून धूसर होते. मी त्याच्या खांद्याचा पट्टा मुठीत धरला आणि त्याला ओढत निघाले. तो हलका होता, अजिबात अडवत नव्हता. परतीच्या वाटेवर त्याने एकदाही फिन मारल्याचं मला जाणवलं नाही.

कोठीच्या तोंडातून डेकवर निघताना मी खाली एक नजर टाकली. का टाकली कुणास ठाऊक. कुणाला आत सोडून आलो नाही ना, हे बघायची आम्हाला सवय असते. खूप खोलवर, वळणाच्या पलीकडून, भिंतीवर उजेड पडला. गोल काढला. अर्धाच निघाला, मग थांबला, मग पुन्हा पहिल्यापासून काढला, घाईघाईने. रंग मी सांगू शकत नाही, काच धूसर होती. भाऊ माझ्या मुठीत होता. मी उत्तर दिलं नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं आणि मी उत्तर न देता वर निघून आले.

वर येताना नियमाप्रमाणे पाच मीटरवर आम्ही तीन मिनिटं थांबलो. वर बोटीची सावली, खाली निळं पाणी. तो दोराला धरून शांत लटकला होता. वर आल्यावर काकांनी त्याला हात दिला. त्याने तोंडातली नळी काढली आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, ‘ठीक आहे.’

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी त्याला तशीच तुमच्याकडे घेऊन आले. तुम्ही कानांपासून गुडघ्यांपर्यंत तपासलंत, छातीचा फोटो काढलात आणि मला रागावलात, की उगाच माणसाला घाबरवू नकोस, याची फुफ्फुसं तुझ्यापेक्षा चांगली आहेत. कोठीत काय झालं असं तुम्ही विचारलंत तेव्हा तो म्हणाला, टॉर्च बंद पडला, म्हणून मी बसून राहिलो. बसून राहणं बरोबरच आहे, आम्ही तेच शिकवतो.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला तेव्हा सांगितली नाही, कारण ती मला संध्याकाळी कळली. आमच्याकडे सिलेंडर भरणारा आहे ना, हवावाला, तो दोन्ही सिलेंडर घेऊन बसला होता. मला हाक मारून म्हणाला, ताई, रेडिओ खाली उतरलाच नाही का? मी म्हटलं, म्हणजे? त्याने काटा दाखवला. माझ्या सिलेंडरमध्ये चाळीस उरली होती. त्याच्या सिलेंडरमध्ये दोनशे. सकाळी जेवढी भरली तेवढीच. त्यातून एक श्वाससुद्धा कुणी घेतला नव्हता.

तुम्ही म्हणाल काटा बिघडला असेल. मीही तेच म्हटलं. हवावाल्याने दुसरा काटा लावला, मग तिसरा. आणि पाण्यात उतरताना त्याचे बुडबुडे मी स्वतः पाहिले होते, मग ती हवा तरी कुठून आली? मी त्या सिलेंडरची झडप उघडून सगळी हवा सोडून दिली आणि म्हटलं, कुणाला सांगू नकोस. सुंदर, कोरडी हवा होती. तिला कसला म्हणजे कसला वास नव्हता.

घरी आई खुश आहे. रेडिओ वेळेवर उठतो, वेळेवर जेवतो, ताट स्वतः उचलतो. आधी ताटावरून उठायचा तेव्हा भात भिंतीपर्यंत असायचा. आई शेजारणींना सांगते, पोरगा एकदम सुधारला, जबाबदार झाला. बोलतोही, नाही असं नाही. विचारलं की उत्तर देतो, गोड देतो. पण विचारत काही नाही. सात महिन्यांत त्याने मला एक प्रश्न विचारलेला नाही, डॉक्टर. मीठ कुठे आहे, एवढंसुद्धा नाही. मी म्हटलं, घाबरला असेल, वेळ लागेल. मनाची समजूत घालायला मी काही कमी हुशार नाही. मग एक दिवस भाजी निवडताना आई माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, ‘तो झोपेत कूस बदलत नाही गं.’ आम्ही दोघी भाजी निवडत राहिलो.

पाहुण्यांना कोठीत न्यायचं मी बंद केलं. बाकीचे गाइड नेतात, त्यांना मी काय सांगणार? आणि परवा एक शिक्षिका आमच्या दुकानात आली. आदल्या दिवशी दुसऱ्या गाइडबरोबर जहाजावर जाऊन आली होती, नवराही बरोबर होता. खूप आनंदात होती. म्हणाली, तुमची व्यवस्था फार चांगली आहे, आत कोठीतसुद्धा तुमचा माणूस उभा असतो. मी विचारलं, कोण माणूस? ती म्हणाली, दिसला नाही, फार आत होता, त्याचा उजेड दिसला. गाइड पुढे होता, त्याचं लक्ष नव्हतं. आधी उजेडाने गोल काढत होता, मी पण काढला. मग निघताना त्याने मला बाय-बाय केलं. किती गोड!

मी म्हटलं, बाय-बाय कसं केलं, दाखवा बरं. तिने काउंटरवरचं पेन उचललं आणि टॉर्चसारखं धरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे भराभर हलवलं. तिचा नवरा हसला. मी विचारलं, उजेड कसा होता? ती म्हणाली, पिवळट होता, अगदी मंद. बॅटरी बदला त्याची.

ही खूण मी तुम्हाला शिकवली होती. विसरला असाल, सगळे विसरतात, कारण एरवी ती लागत नाही. टॉर्च आडवा भराभर हलवणं म्हणजे बाय-बाय नाही, डॉक्टर. त्याचा अर्थ, ‘मी अडकलो आहे. मला न्यायला या.’

आणि त्या वेळी रेडिओ दुकानाच्या मागच्या दारात होता. आदल्या दिवशीही, शिक्षिका पाण्याखाली होती तेव्हा, तो दिवसभर तिथेच होता. हौदात सूट खंगाळून वाळत घालत होता. पेन हलत होतं तेव्हा त्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

काय? हो, ते मलाही कळतं. मंद टॉर्च सात महिने जळत नाही. माणूस तर सात महिने... मला ते सांगू नका. मी अठरा वर्षं लोकांना शिकवते आहे की तीस मीटरवर हवा संपली की किती वेळ असतो. मला हेही कळतं की तिथे एकदा पांढऱ्या उजेडाने मला फसवलं, आता पिवळ्यानेही फसवत असेल. माझ्यासाठीच मांडलेलं असेल सगळं. मी वेडी नाही. पण मी त्या दिवशी कुणाला वर आणलं, हे मला माहीत नाही. आणि खाली कुणाला सोडून आले, तेही माहीत नाही. तो मला विचारत होता, अर्धा गोल काढून, घाईघाईने, आणि मी उत्तर दिलं नाही. तो माझ्या पाठचा भाऊ आहे. त्याला पोहायला मी शिकवलं, श्वास कसा घ्यायचा ते मी शिकवलं, घाबरलास तर एका जागी बसून राहा, ताई येईल, हे मी शिकवलं. तो बसून राहिला असेल तर माझ्या शब्दावर बसला असेल.

म्हणून मी उद्या सकाळी जाते आहे. एकटीने जायचं नसतं, हा नियम मी मोडणार नाही. गाइडांना सांगितलं तर ते हसतील, नाहीतर आईच्या कानावर घालतील. तुम्ही माझ्याकडे शिकला आहात, खाली घाबरत नाही. आणि तुम्ही त्याच्या छातीला कान लावला आहे. कोठीत तुम्हाला यायचं नाही. तुम्ही तोंडापाशी थांबायचं, माझी दोरी धरून. आत काही मिळालं नाही तर मी परत येईन, तुमची माफी मागेन आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. आणि मिळालं तर... ते बघण्यासाठी मला शुद्धीवरचं एक माणूस बरोबर हवं आहे.

एक गोष्ट राहिली, ती सांगून टाकते. मग तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, मी वाईट वाटून घेणार नाही.

उद्या जाणार हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, काकांनाही अजून नाही. तुम्हाला विचारायचं हे तर मघाशी तुमच्या पायऱ्या चढेपर्यंत ठरलं नव्हतं. मी हवावाल्याला न्यायचा विचार करत होते. इकडे यायच्या आधी सामान बघायला गोदामात गेले. रेडिओ तिथे नव्हता, पण काम करून गेला होता. दाराशी दोन सिलेंडर भरून उभे केले होते, दोन्हींचा काटा दोनशेवर. एकाजवळ माझा मास्क आणि माझे फिन. दुसऱ्याजवळ ते मोठे काळे फिन, जे आमच्याकडे तुमच्याशिवाय कुणाच्याच पायात बसत नाहीत. दोन वर्षं ते वरच्या फळीवर धूळ खात पडले होते. धुऊन, पुसून ठेवले होते, आणि पट्टे तुमच्या मापाला ओढून लावले होते.